मरोद्याचं पाणी आणि बी.एस्सी.चा पेपर

१. पालकांचा प्रश्न

"मुलगी केमिस्ट्री घेऊन बी.एस्सी. करते. तिला वस्तीत घरोघरी फिरायला कॉलेज का पाठवतं? आणि त्याला गुण कसले देतात?"

नव्या अभ्यासक्रमात 'समाजसहभाग' हा विषय आल्यापासून हा प्रश्न घरोघरी ऐकू येतो. विचारणाऱ्याला समाजसेवेचं वावडं असतं असं नाही. त्याने शिकण्यासाठी फी भरलेली असते आणि वस्तीत फिरण्याचा पेपरशी काय संबंध, हे त्याला कुणी नीट सांगितलेलं नसतं.

'सेवा करणं चांगलं असतं' एवढं उत्तर इथे पुरत नाही. सेवा मंडळातून करता येते, गुरुद्वाऱ्यात करता येते, गणेशोत्सवात रक्तदान शिबिर भरवूनही करता येते. कॉलेजने अभ्यासाच्या तासांतून वेळ काढून मुलांना बाहेर पाठवायचं असेल तर एकच कसोटी लावली पाहिजे: वस्तीत जाऊन आल्यावर त्या मुलीला तिची केमिस्ट्री आधीपेक्षा जास्त कळली का? आणि वस्तीच्या पदरात काही पडलं का? दोन्हींचं उत्तर 'हो' असेल तर तो अभ्यास आहे. नसेल तर ती सहल आहे आणि तिला गुण देण्याचं कारण नाही.

या प्रकरणात ही कसोटी आपण छत्तीसगडमधल्या भिलाईतल्या मरोद्याला लावून पाहू.

२. मरोदाच का?

दुर्गहून दल्ली-राजहऱ्याकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर मरोदा नावाचं स्टेशन लागतं. दल्ली-राजहऱ्याचं लोहखनिज भिलाईच्या भट्ट्यांकडे येतं ते याच मार्गाने. भिलाईची पहिली झोतभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते सुरू झाली. सोव्हिएत मदतीने उभ्या राहिलेल्या या पोलाद कारखान्याला पाणी लागणार होतं आणि ते अफाट लागणार होतं. तांदुळा धरणाचं पाणी कालव्याने आणून ज्या मोठ्या जलाशयात साठवलं जातं, तो मरोद्याचा. आजूबाजूला कामगारांच्या क्वार्टरांचा मरोदा सेक्टर, जुनं मरोदा गाव, स्टेशनालगतची वस्ती. जवळच नेवई, तिथे छत्तीसगड स्वामी विवेकानंद तांत्रिक विद्यापीठ. रिसाली हाकेच्या अंतरावर. नागपूर-भंडाऱ्याकडून कारखान्यात नोकरीला आलेली मराठी घरंही या भागात आहेत आणि त्यांची तिसरी पिढी आता कॉलेजात आहे.

विद्यार्थ्याच्या दृष्टीने या भागाचं वैशिष्ट्य असं की इथे एकाच परिसरात दोन कारभार चालतात. टाउनशिपच्या क्वार्टरांना पाणी देणं, रस्ता झाडणं, गटार काढणं ही कामं कारखान्याचा नगर सेवा विभाग करतो. क्वार्टरांची हद्द संपली की महापालिकेचं काम सुरू होतं आणि ती महापालिकाही आता भिलाईतून वेगळी झालेली रिसालीची. दोन नळ जवळजवळ असतात, पण एकाची तक्रार एका कार्यालयात, दुसऱ्याची दुसऱ्या. राज्यशास्त्राच्या पुस्तकात 'स्थानिक स्वराज्य' हे प्रकरण वाचून पाठ करता येतं. ते समजतं मात्र तेव्हा, जेव्हा गढूळ पाण्याची बाटली घेऊन नेमकं कुठे जायचं हे शोधावं लागतं.

३. सारख्या दिसणाऱ्या तीन गोष्टी

पुढे जाण्याआधी तीन गोष्टी वेगळ्या करून घेऊ, कारण कॉलेजांच्या अहवालांत त्या सर्रास एकत्र केलेल्या असतात.

पहिली गोष्ट श्रमदान. विद्यार्थी तलावाकाठी झाडं लावतात, नाली साफ करतात. लाभ गावाचा. झाडं लावणारा बी.कॉम.चा असला काय आणि बी.ए.चा असला काय, काम तेच. विषयाशी संबंध नाही.

दुसरी गोष्ट प्रशिक्षण. भिलाईत हे सगळ्यांना माहीत आहे: इंजिनिअरिंगची मुलं उन्हाळ्यात कारखान्यात व्होकेशनल ट्रेनिंगला जातात, रोलिंग मिल पाहतात, वही भरून सही घेतात. इथे लाभ विद्यार्थ्याचा. कारखान्याचं त्यांच्यावाचून काही अडलेलं नसतं.

तिसरी गोष्ट या प्रकरणाचा विषय आहे. वस्तीला खरोखर हवं असलेलं एखादं काम विद्यार्थी करतात. ते काम त्यांच्या चालू विषयाचा धडा वापरूनच होण्यासारखं असतं. आणि काम करताना, झाल्यावरही, ते आपण काय पाहिलं, त्याचा अर्थ काय, याचा लेखी आणि तोंडी विचार करतात. अमेरिकेत १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धात रॉबर्ट सिग्मन आणि विल्यम रॅम्झी यांनी याला 'सर्व्हिस लर्निंग' म्हणायला सुरुवात केली. आपण सेवाशिक्षण म्हणू.

४. हे बाहेरून आलं का?

नाव बाहेरचं, पण कल्पनेची मुळं आपल्याकडेही आहेत आणि भिलाईपासून फार दूर नाहीत. भिलाई ज्यात येते तो दुर्ग आणि वर्धा हे दोन्ही जिल्हे १९५६ पर्यंत एकाच प्रांतात होते, राजधानी नागपूर. दोन्ही गावं आजही एकाच हावडा-मुंबई रेल्वेमार्गावर आहेत. त्या वर्ध्यात २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ ला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. तिच्यातून डॉ. झाकिर हुसेन यांची समिती आणि पुढे नई तालीम निघाली. तिचा गाभा असा की हाताने करायचं उपयोगी काम हेच शिकण्याचं साधन असावं. सूत कातताना तकलीचे फेरे आणि सुताची लांबी मोजायची आणि गणित तिथेच शिकायचं.

नई तालीम शाळांपुरती होती. कॉलेजांसाठी वेगळा विचार सुरू झाला तो राधाकृष्णन आयोगापासून, म्हणजे १९४८-४९ पासून. या प्रवासात एक मराठी नाव मोलाचं आहे. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर आणि पुढे अर्थमंत्री झालेले चिंतामणराव देशमुख. १९५९ साली केंद्र सरकारने राष्ट्रीय सेवेचा विचार करण्यासाठी त्यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. समितीने सुचवलं की शाळा संपवून कॉलेजात जाणाऱ्या प्रत्येकाला आधी नऊ महिने ते एक वर्ष सक्तीची राष्ट्रसेवा असावी. खर्च आणि व्यवस्था पाहता ही शिफारस स्वीकारली गेली नाही. पुढे शिक्षणतज्ज्ञ के. जी. सैयदैन यांनी इतर देशांतल्या योजनांचा अभ्यास केला आणि सक्ती नको, ऐच्छिक ठेवा, असा सल्ला दिला. १९६४-६६ च्या कोठारी आयोगाने समाजसेवा शिक्षणाच्या प्रत्येक टप्प्यावर असावी असं म्हटलं. शेवटी गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, २४ सप्टेंबर १९६९ ला, शिक्षणमंत्री व्ही. के. आर. व्ही. राव यांनी राष्ट्रीय सेवा योजना सुरू केली. सुरुवात ३७ विद्यापीठांत, ४०,००० विद्यार्थ्यांनी.

तिला रासेयो किंवा एनएसएस म्हणतात. वर्षाला १२० तास, दोन वर्षांत २४०, आणि दत्तक गावात सात दिवसांचं शिबिर. लाखो मुलांना या योजनेने पहिल्यांदा खेड्यात मुक्काम करायला लावला. शिबिरातल्या पंगती, प्रभातफेऱ्या, रात्रीची पथनाट्यं आयुष्यभर लक्षात राहतात. हे थोडं काम नव्हे. पण रासेयो अभ्यासक्रमाच्या बाहेर राहिली. शिबिरातून परतलेला विद्यार्थी सोमवारी वर्गात बसतो तेव्हा त्याच्या प्राध्यापकांना तो कुठे जाऊन आला हे विचारायचं कारण नसतं. सेवा एका रजिस्टरमध्ये, अभ्यास दुसऱ्यात. देशमुख समितीनंतर दहा वर्षांनी जे उभं राहिलं, त्यात हा एक दुवा जोडायचा राहिला, असं माझं मत आहे.

५. सेवाग्रामने दुवा कसा जोडला

तो दुवा जोडलेलं एक ठिकाण मात्र त्याच वर्षी सुरू झालं. १९६९ साली डॉ. सुशीला नायर यांनी सेवाग्रामला महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था स्थापन केली. एम.बी.बी.एस.ला आलेली मुलं शिक्षणाच्या सुरुवातीलाच गांधीजींच्या आश्रमात राहायला जातात. त्यानंतर पहिल्याच वर्षी प्रत्येक तुकडीला एक गाव मिळतं. मुलं त्या गावात सुमारे दोन आठवडे मुक्काम करतात आणि प्रत्येकाच्या वाट्याला काही कुटुंबं येतात. शिबिर संपलं तरी कुटुंबं सुटत नाहीत. पुढची काही वर्षं ठरावीक दिवशी विद्यार्थी त्याच घरांत परत जातो.

याने काय होतं ते नीट पाहू. रक्तक्षयाचं प्रकरण पुस्तकात वाचणं आणि आपल्या वाट्याच्या घरातल्या बाईला लोहाच्या गोळ्या का घ्याव्याशा वाटत नाहीत हे शोधणं, या दोन गोष्टी एकाच विषयाच्या आहेत. गोळीने मळमळतं, शौचाचा रंग काळा होतो, सासूला ते आवडत नाही, गोळ्या आणायला मजुरी बुडवावी लागते. यातलं काही औषधशास्त्राचं आहे, काही अर्थशास्त्राचं, काही घरातल्या सत्तेचं. महिन्याभराने पुन्हा त्याच दारात उभं राहायचं असतं म्हणून विद्यार्थ्याला उत्तर टाळता येत नाही. एकदाच जाणारा पाहुणा असतो. परत जाणाऱ्याला मागच्या वेळी दिलेला सल्ला चुकला की नाही हे कळतं.

या प्रकारची कुटुंब-दत्तक योजना राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२१-२२ च्या प्रवेशांपासून देशभरच्या एम.बी.बी.एस. अभ्यासक्रमात आणली. छत्तीसगडमधली मेडिकल कॉलेजंही त्यात आली.

इंजिनिअरिंगच्या बाजूने असाच प्रयत्न मुंबईच्या आय.आय.टी.तल्या 'सितारा' या केंद्राने केला. ग्रामीण भागासाठीच्या तंत्रज्ञानाचं हे केंद्र १९८५ पासून आहे. प्रा. मिलिंद सोहोनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नळपाणी योजना का बंद पडतात, टँकर का लागतात, हे प्रश्न विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांचे विषय केले. त्याच विचाराने २०१६ साली महाराष्ट्रात उन्नत महाराष्ट्र अभियान निघालं, ज्यात इंजिनिअरिंग कॉलेजांनी आपल्या जिल्ह्याचे प्रश्न अभ्यासायला घ्यावेत अशी योजना होती. या योजनेमागचं म्हणणं मला पटतं: जिल्ह्यातल्या कॉलेजला जिल्ह्याच्या पाण्याचं गणित येत नसेल तर ते कॉलेज तिथे असून उपयोग काय?

६. एक उदाहरण सोडवून पाहू

आता मरोद्याकडे वळू. पुढचं उदाहरण कल्पित आहे. त्यातले आकडे रीत समजण्यासाठी घेतले आहेत, तिथलं पाणी तसंच आहे असा अर्थ काढू नये.

बी.एस्सी. दुसऱ्या वर्षाला पाण्याचा कठीणपणा मोजण्याचं प्रात्यक्षिक असतं. समजा, आठ विद्यार्थ्यांच्या गटाने एका गल्लीतल्या बोअरिंगचं पाणी आणलं. ५० मिलिलिटर पाणी घेतलं, सूचक टाकला, पाणी वाइनसारखं लाल झालं. वरून ०.०१ मोलर ईडीटीएचं द्रावण थेंबथेंब सोडलं. २१ मिलिलिटरवर रंग निळा झाला.

हिशेब सोपा आहे. या द्रावणाचा १ मिलिलिटर म्हणजे १ मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट. म्हणजे ५० मिलिलिटर पाण्यात २१ मिलिग्रॅम. एका लिटरमध्ये त्याच्या वीसपट, ४२० मिलिग्रॅम. भारतीय मानकाप्रमाणे कठीणपणा २०० पर्यंत असावा, दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालतो. ४२० या दोन्हींच्या मध्ये येतं. प्रयोगवहीत लिहायचं उत्तर इथे संपलं.

मग गटाने गल्लीत जाऊन काय सांगायचं? 'काकी, तुमच्या पाण्याचा कठीणपणा ४२० आहे' हे वाक्य कुणाच्याही कामाचं नाही. पण विद्यार्थ्याला आपला विषय नीट येत असेल तर तो सांगू शकतो की तुमच्या कुकरला पांढरा थर याच्यामुळे बसतो, साबणाला फेस याच्यामुळे येत नाही आणि तुरीची डाळ शिजायला वेळ लागतो तोही याच्यामुळे. पाण्यातलं कॅल्शियम डाळीच्या पेशीभिंतीतल्या पेक्टिनला घट्ट करतं. पाणी पिण्याने अपाय होईल असं मात्र या आकड्यावरून म्हणता येत नाही. एवढं सांगितलं तर प्रात्यक्षिक स्वयंपाकघरापर्यंत पोचलं.

तरीही हे सेवाशिक्षण झालं नाही, कारण वस्तीचा प्रश्न हा नव्हताच. कठीणपणा मोजायचं कुणी ठरवलं? अभ्यासक्रमाने. गट आधी रिकाम्या हाताने गेला असता आणि छत्तीसगडीत सरळ विचारलं असतं, "पानी के का तकलीफ हे, दाई?" तर कदाचित ऐकू आलं असतं की पावसाळ्यात नळाला दोन दिवस गढूळ येतं आणि लेकरांना जुलाब होतात. जुलाबाबद्दल ईडीटीए काहीच सांगत नाही. चाचणी ज्या प्रश्नासाठी बनली आहे त्याच प्रश्नाचं उत्तर देते. विज्ञान शिकणाऱ्याला हे एक वाक्य पदवीभर पुरेल आणि ते प्रयोगशाळेच्या चार भिंतींत कळत नाही, कारण तिथे प्रश्न आधीच ठरलेला असतो.

आता गट दुसरी चाचणी शोधतो. के. एस. मांजा आणि सहकाऱ्यांनी १९८२ साली प्रसिद्ध केलेली एक स्वस्त भारतीय पद्धत आहे: बाटलीत रसायन लावलेली पट्टी असते, खुणेपर्यंत पाणी भरायचं आणि उबेत ठेवायचं. विष्ठेतून येणारे जंतू असतील तर एक-दोन दिवसांत पाणी काळं पडतं. ही प्राथमिक चाचणी आहे, शेवटचा शब्द नव्हे. पण ती कुठे लावायची यात खरी बुद्धी लागते. गटाने प्रत्येक घरातून दोन नमुने घेतले, एक थेट नळाचा आणि एक घरातल्या माठातला. आता चार शक्यता आहेत. दोन्ही स्वच्छ असतील तर जुलाबाचं कारण दुसरीकडे शोधा. नळ स्वच्छ आणि माठ काळा असेल तर पाणी घरात बिघडतंय: झाकण नाही, हात बुडवून पाणी काढलं जातं. दोन्ही काळे असतील तर दोष पाइपात आहे, बहुधा गटाराशेजारी फुटलेला. आणि नळ काळा पण माठ स्वच्छ असेल तर त्या घरात पाणी उकळलं जातं किंवा तुरटी-क्लोरीन वापरलं जातं; त्या बाईकडून शिकायचं.

पाइपचा दोष निघाला तर पुढचा प्रश्न: तक्रार कुणाकडे? टाउनशिपच्या नगर सेवेकडे की महापालिकेकडे? इथे केमिस्ट्रीचा गट राज्यशास्त्राच्या गटाला बोलावतो. शेवटी एका पानाचा, साध्या हिंदीत लिहिलेला कागद तयार होतो. त्याची एक प्रत कार्यालयात जाते, एक गल्लीतल्या मितानिनीकडे. मितानीन म्हणजे छत्तीसगडमध्ये २००२ पासून वस्तीवस्तीत काम करणारी आरोग्य कार्यकर्ती. कुणाच्या घरात कधी जुलाब झाले हे तिला कॉलेजपेक्षा आधी माहीत असतं. खरं तर पहिल्या दिवशी तिलाच भेटायला हवं.

७. चिंतन म्हणजे नेमकं काय करायचं?

आतापर्यंत काम झालं. शिकणं कुठे झालं? अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ जॉन ड्यूई यांनी १९३८ च्या आपल्या पुस्तकात एक इशारा दिला होता: अनुभव शिकवतोच असं नाही, काही अनुभव चुकीचंही शिकवतात. वस्तीभेटीच्या बाबतीत हा धोका मोठा आहे. क्वार्टरमध्ये वाढलेला मुलगा स्टेशनमागच्या वस्तीत जातो, उघडी गटारं पाहतो आणि 'हे लोकच असे' हे मत घेऊन परत येतो. घरी ऐकलेला पूर्वग्रह आता 'मी स्वतः पाहिलं' या शिक्क्यासह पक्का होतो. कचऱ्याची गाडी त्या गल्लीत येते का, किती दिवसांनी येते, हे त्याने विचारलेलंच नसतं. अशी भेट न झालेली बरी.

म्हणून चिंतन हवं. घरात दही लावतात तसं हे आहे: दूध कितीही चांगलं असलं तरी विरजणावाचून दही होत नाही. विरजण थोडंच लागतं, पण दूध कोमट असतानाच घालावं लागतं आणि मग थोडा वेळ भांडं हलवायचं नसतं. सत्र संपताना एकदम दहा पानं लिहायला लावणं म्हणजे थंड दुधात विरजण. भेट झाली त्याच संध्याकाळी अर्धं पान आणि आठवड्याने वर्गात चर्चा, एवढं पुरतं.

लिहायचं काय? तीन प्रश्न क्रमाने घ्यावेत. काय घडलं? त्याचा अर्थ काय? मग आता काय? पहिल्या प्रश्नात फक्त पाहिलेलं आणि ऐकलेलं, मत नाही. दुसऱ्यात विषयाचा धडा आणि स्वतःचे आधीचे समज, दोन्ही त्या अनुभवाशेजारी ठेवून पाहायचे. तिसऱ्यात पुढच्या भेटीत काय बदलणार ते.

दोन नमुने देतो, दोन्ही मी समजावण्यासाठी रचलेले.

पहिला: 'आज आम्ही वस्तीत गेलो. लोकांनी चांगलं स्वागत केलं. पाण्याचं महत्त्व समजावून सांगितलं. खूप काही शिकायला मिळालं.' हे कुठल्याही गावाबद्दल, कुठल्याही विषयाबद्दल लिहिता येईल. न जाताही लिहिता येईल.

दुसरा: 'नमुना घ्यायला गेलो तेव्हा बाईंनी आधी माठ धुतला, मग पाणी दिलं. म्हणजे आमचा माठाचा नमुना खरा नाही. पाहुण्यासमोर भांडं स्वच्छ करणं साहजिक आहे, माझी आईही तेच करेल. नमुना घेण्याची रीत आम्ही प्रयोगशाळेतून उचलली आणि तिथे माणूस नसतो. पुढच्या वेळी आदल्या दिवशी सांगून ठेवायचं आणि सकाळी भरलेल्या माठातलंच पाणी मागायचं.' या सात-आठ ओळींत नमुना निवडीचं तत्त्व आहे, माणसाच्या वागण्याची समज आहे आणि पुढची कृतीही आहे. परीक्षकाला याहून चांगलं उत्तर कोणत्या पेपरात मिळेल?

८. गुण कशाचे?

मिशिगन विद्यापीठाचे जेफ्री हॉवर्ड यांनी १९९३ मध्ये या पद्धतीची तत्त्वं लिहून काढली. त्यातलं पहिलं असं: श्रेयांक (क्रेडिट) सेवेला नाहीत, शिकण्याला आहेत. ज्याने जास्त तास घालवले त्याला जास्त गुण, हा हिशेब मजुरीचा झाला. आपल्याकडे मात्र बहुतेक ठिकाणी हजेरीपट, बॅनर धरलेला फोटो आणि सरपंचाचं किंवा नगरसेवकाचं पत्र यांवर गुण पडतात. या तिन्हींतून विद्यार्थी तिथे होता एवढंच सिद्ध होतं. नोंदवहीचा एक उतारा निवडून तोंडी विचारा, 'हा निष्कर्ष तू कशावरून काढलास?' पाच मिनिटांत सगळं कळतं.

एक अडचण प्राध्यापक सांगतात आणि ती खरी आहे. वर्गात साठ-सत्तर मुलं, तासिकेवर नेमलेले शिक्षक, वह्या कोण वाचणार? यावर कॉलेजांनी मोकळेपणाने निर्णय घ्यायला हवा. अशा शिक्षकाच्या कामात हे तास मोजले गेले नाहीत तर चिंतन कागदावरच राहील.

९. वस्ती काय देते?

आता बाजू बदलून पाहू. महाराष्ट्रातल्या सध्याच्या रचनेत समाजसहभागाच्या प्रकल्पाला दोन श्रेयांक आहेत, एका श्रेयांकाला ३० तास, म्हणजे प्रत्येक विद्यार्थ्याचे ६० तास. समजा २४ विद्यार्थी जोड्यांनी निघाले. १२ जोड्या, प्रत्येकीची १० घरं, प्रत्येक घरी अर्धा तास. १२ गुणिले १० गुणिले अर्धा, बरोबर ६० तास. म्हणजे एका विद्यार्थ्याच्या पूर्ण प्रकल्पाइतका वेळ वस्तीतल्या बायकांनी, चूल आणि मजुरी सांभाळून, नुसत्या उत्तरांसाठी दिला. त्यांना श्रेयांक नाहीत, प्रमाणपत्र नाही. दरवर्षी नवी तुकडी तोच फॉर्म घेऊन आली तर ती बाई दार लावून घेईल आणि तिचं चुकणार नाही.

१९६८ साली मेक्सिकोत कुएर्नावाका इथे विचारवंत इव्हान इलिच यांनी मदतीच्या उत्साहाने आलेल्या अमेरिकन विद्यार्थ्यांपुढे भाषण केलं. पाहायला या, शिकायला या, पण आमचं भलं करायला येऊ नका, असा त्याचा रोख होता. शब्द कठोर होते, पण त्यातली गोष्ट टाळता येत नाही: जाणारा स्वतःला देणारा समजतो तिथे शिकणं थांबतं. सिग्मन यांनी पुढे १९७९ मध्ये मांडलेल्या तत्त्वांतलं पहिलं हेच होतं की सेवा कोणती आणि कशी, यावर ताबा ती घेणाऱ्यांचा असावा.

मरोद्यापुरतं याचं भाषांतर व्यवहारात असं करता येईल. काम ठरवायच्या बैठकीला मितानीन आणि गल्लीतल्या दोन बायका असाव्यात. जे सापडलं ते आधी त्यांना कळावं, मग विद्यापीठाला. आणि मागच्या तुकडीची वही पुढच्या तुकडीला द्यावी, म्हणजे तेच प्रश्न पुन्हा विचारले जाणार नाहीत.

१०. सही करण्याआधी

नियमांच्या बाजूने आता फारशी अडचण उरलेली नाही. २०२० च्या राष्ट्रीय धोरणानंतर विद्यापीठ अनुदान आयोगाने समाजसहभागासाठी राष्ट्रीय आराखडा काढला. महाराष्ट्राने २०२३ मध्ये आपली श्रेयांक रचना ठरवली. छत्तीसगडमध्ये २०२४-२५ पासून पदवीला नवं धोरण लागू झालं. केंद्र सरकारच्या उन्नत भारत अभियानात तर संस्थांनी गावं दत्तक घेण्याची सोय आधीपासूनच आहे. कागद तयार आहेत.

तेव्हा ज्या पालकांच्या प्रश्नाने हे प्रकरण सुरू झालं त्यांना एक विनंती. मुलीने संमतीचा फॉर्म आणला की नाही म्हणू नका, पण तिच्या शिक्षकांना फोन करून तीन गोष्टी विचारा. हे काम वस्तीतल्या कुणी सुचवलं आहे? तिच्या विषयाच्या कोणत्या धड्याशी ते जोडलं आहे? आणि ती लिहील ते कोण वाचणार आहे? तिन्हींना नाव आणि धडा सांगून उत्तर मिळालं तर बिनधास्त सही करा आणि तिला उन्हाची टोपी द्या. मिळालं नाही तर ते मिळेपर्यंत विचारत राहा. तो तुमचा हक्क आहे.